कजाग बायको (कोकणपट्टीच्या कादंबरीतील)

कोकणपट्टीवर घडणाऱ्या मराठी कादंबरीत वारंवार भेटणारे स्त्रीपात्र आणि त्याच्याभोवतीचा बिनसलेला संसार. ही बायको कधी तोंडाळ असते, कधी दिवसचे दिवस अबोल, कधी संशयी, तर कधी नुसतीच तुसडी. सासरच्यांचे तिच्याबद्दलचे मत मात्र एकच असते : ‘हिच्याशी कुणाचं म्हणून पटायचं नाही.’ कादंबरी कसदार असेल तर वाचकाला हे मत जसेच्या तसे घेता येत नाही. घरात पैसा कुणाच्या हातात आहे, नवरा घरी असतो की नाही आणि मुख्य म्हणजे गोष्ट कोण सांगतो आहे, हे पाहिल्यावाचून तिचा स्वभाव उलगडत नाही. हे सगळे पाहून झाल्यावरही तिच्यातले काहीतरी शिल्लक राहते, ते कुठल्याच कारणात बसत नाही. या पात्राचे खरे मोल त्या शिलकीत आहे.

सुरुवात घरापासून करावी लागते. कोकणातल्या जुन्या घराला पुढे खळे, मग पडवी आणि ओटी, आत माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि मागल्या दारी न्हाणी, विहीर, आगर. पुरुषांचा वावर ओटीवर, बायकांचा मागल्या दारी. कादंबरीतला निवेदक बहुधा ओटीवरच बसलेला असतो. त्यामुळे एक प्रसंग ठरूनच गेला आहे. भाऊबंद वाटपाचे बोलायला आलेले असतात. यजमान आत तोंड करून म्हणतो, ‘अगं, चहा टाक गं जरा.’ उत्तर येत नाही. थोड्या वेळाने भांडे दणकन आपटल्याचा आवाज येतो, पाहुणे एकमेकांकडे बघतात, यजमान हसून यंदाच्या सुपारीच्या भावावर येतो. चहा येतो तोही थोरल्या मुलीच्या हातून. ओटीवरच्याला दिसते ते एवढेच. पहाटेपासून तिने रहाटावर किती पाणी ओढले, डब्यात साखर होती का, आणि आज ज्या जमिनीचे वाटप चालले आहे ती सावकाराकडून सोडवताना पाटल्या कुणाच्या मोडल्या होत्या, हे माजघराचा उंबरा ओलांडल्याशिवाय कळत नाही. जो कादंबरीकार तो ओलांडत नाही, त्याची बायको कजागच राहते. फार तर विनोदी होते.

दुसरी गोष्ट नवऱ्याच्या गैरहजेरीची. मुंबईत गिरण्या निघाल्या तेव्हापासून रत्नागिरीचा पुरुष चाकरमानी झाला. तो गिरणगावात गाववाल्यांच्या खोलीत, बायको गावी सासू-सासऱ्यांपाशी, आणि गाठभेट गणपतीला नाहीतर शिमग्याला. जिल्ह्याची लोकसंख्या अजूनही त्याची साक्ष देते : २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. नवऱ्याकडून येई ती मनीऑर्डर, आणि ती बहुधा सासऱ्याच्या नावावर. पत्र आले तर अक्षरओळख नसलेल्या घरात ते पोस्टमन किंवा शाळामास्तर ओटीवर सगळ्यांदेखत वाचून दाखवी. उत्तरही त्याच्याकडूनच लिहून घ्यायचे. आता सासू शेजारी बसलेली असताना बाई काय सांगणार? ‘इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवणे.’ नवरा-बायकोचे भांडणसुद्धा व्हायला एकांत लागतो, तो या संसाराला मिळतच नव्हता. वर्षभर साठलेले सगळे मग गणपतीच्या चार दिवसांत बाहेर पडे, आणि रजेवर आलेल्या माणसाला वाटे, आपल्या नशिबी ही कसली बायको आली.

कायद्याने या घरांचे दार दोन्ही बाजूंनी लावलेले होते. उच्चवर्णीय हिंदूंत घटस्फोटच नव्हता. इतर अनेक जातींत काडीमोड आणि पाट (दुसरे लग्न) यांची रूढी होती, पण त्यालाही जातपंचायत आणि दंड आलाच. सासरी जायचे नाकारणाऱ्या बाईचे काय होते ते रखमाबाईंच्या खटल्याने (१८८४–१८८८) साऱ्या मुंबई इलाख्याला दाखवले. १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे बजावले; पुढे तडजोड होऊन प्रकरण मिटले. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोटाची कायदेशीर वाट १९४७ मध्ये मिळाली, हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये आला आणि वारसाहक्काचा कायदा १९५६ मध्ये. म्हणजे या कादंबऱ्यांतल्या बहुतेक नायिकांच्या उमेदीच्या काळात यातले काहीच नव्हते. संसार मोडता येत नाही, सोडता येत नाही. फार तर माहेरी जाऊन बसता येते, तेही भावजय बोलू लागेपर्यंत. उरते जीभ. घरातली सगळ्यांत स्वस्त आणि कुणाला काढून न घेता येणारी मालमत्ता तीच. तिचा वापर बाई भरपूर करते.

या जगाचा सर्वांत जाणता चित्रकार म्हणजे श्री. ना. पेंडसे (१९१३–२००७). दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा हा माणूस मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करीत होता, म्हणजे एका अर्थी चाकरमानीच. गावाकडची घरे त्याने दुरून आणि आतून अशी दोन्हीकडून पाहिली. ‘रथचक्र’ (१९६२, साहित्य अकादमी पुरस्कार १९६३) या कादंबरीच्या नायिकेला नाव नाही. ती फक्त ‘ती’. नवऱ्याचा आधार नसलेली, एकत्र कुटुंबात दिवस काढणारी ही बाई मुलाला शिकवायचे या एकाच हट्टापायी घराबाहेर पडते. घरच्यांच्या तोंडची तिची वर्णने गोळा केली तर एक हेकेखोर, मानी, कुणाचे न ऐकणारी बाई उभी राहते, आणि ती खोटीही नाही. पेंडशांचा मोठेपणा इथे आहे की त्यांनी तिला गरीब गाय केले नाही. तिच्या हट्टाची झळ इतरांना बसते, मुलालाही बसते. ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या जगबुडी नदीकाठच्या दोन खंडी कादंबरीत गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोत घराण्याच्या पिढ्या येतात-जातात. तिथे पुरुषांचा कैफ आणि त्यांची उतरण यांचा हिशेब शेवटी घरातल्या बायकांच्या वाट्याला कसा येतो, ते पाहण्यासारखे आहे. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा. ओटीवरचा रुबाब त्यानंतर कायद्याने गेला, माजघरातला मात्र टिकून राहिला.

इथे ‘ययाति’ (१९५९) आणणे वरकरणी चमत्कारिक वाटेल. कथा महाभारतातली, राजवाड्यातली, आणि लिहिली कोल्हापुरात. पण वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांची १९२० ते १९३८ ही वर्षे वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्यात मास्तरकीत गेली, आणि मराठीतली सर्वांत गाजलेली अवघड बायको त्यांच्याच हातून उतरली : देवयानी. शिवाय संसार एकच पण सांगणारे तीन, ही रचना या नोंदीच्या विषयाला जितकी उपयोगी पडते तितकी दुसरी कुठली क्वचितच. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतःच्या तोंडाने मांडतात. ययातीचे ऐकताना वाटते, प्रेमाला भुकेलेल्या माणसाच्या गळ्यात गर्वाचा दगड बांधला गेला. देवयानी बोलू लागली की चित्र हलते. बापाकडे विद्या शिकायला आलेल्या कचावर तिचा जीव होता. त्याच्यासाठी तिने बापाची मनधरणी केली, आणि विद्या मिळाल्यावर तो तिला बहीण म्हणून निघून गेला. मग वस्त्रांवरून झालेल्या भांडणात शर्मिष्ठेने तिला विहिरीत ढकलले. ययाती भेटतो तो हात देऊन वर काढणारा म्हणून. लग्न ठरते ते त्या काठावर, आणि त्यात ओढीपेक्षा अपमानाची भरपाई जास्त आहे. अशा लग्नातून नवऱ्याला ऊब मिळावी ही अपेक्षा ययातीने धरावी हे त्याच्या स्वभावाला धरून आहे. वाचकाने धरू नये.

एवढे समजून घेतले म्हणून देवयानी निर्दोष ठरत नाही. राजकन्या शर्मिष्ठेला दासी करून आपल्या मागून चालवणारी तीच आहे, आणि त्या सुडाला कचाचे दुःख पुरेसे कारण नाही. हीच ती वर म्हटलेली शिल्लक. खांडेकरांचे माप मात्र शर्मिष्ठेकडे झुकते हे लपत नाही. शर्मिष्ठा इतकी सोशिक, इतकी त्यागी रंगवली आहे की तिच्याशेजारी कुठलीही हाडामांसाची बायको कजागच दिसेल. परीक्षेच्या मार्गदर्शकांत देवयानीच्या स्वभावचित्राखाली ‘अहंकारी, शीघ्रकोपी, महत्त्वाकांक्षी’ अशी विशेषणांची माळ असते. ययातीचे आत्मसमर्थन किती लांब आहे आणि त्यात ‘मी’ किती वेळा येतो, हे मोजायला कुणी सांगत नाही.

नवऱ्याचा एक नमुना याच संदर्भात नोंदवला पाहिजे, कारण त्याच्यावाचून ही बायको पुरी होत नाही. हा माणूस दुष्ट नसतो. गावात सगळ्यांना हवासा असतो, भजनात पेटी धरतो, दशावताराच्या रात्री मांडवात पुढे असतो, कुणाच्या अडीअडचणीला कोर्टकचेरीत जाऊन उभा राहतो. घरात मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. आई आणि बायको यांच्यात ठिणगी पडली की हा सुपारी कातरत बसतो. बायको ओरडते, हा सोसतो, आणि गाव म्हणते, ‘देवमाणूस हो, पण पदरी काय पडलंय बघा.’ दुष्ट नवऱ्याच्या बायकोला निदान शेजारणीची सहानुभूती मिळते. अशा भल्या माणसाच्या बायकोला तीही नाही. माझ्या मते कोकणी संसारातली सर्वांत कठीण कोंडी ही आहे, आणि मारझोडीच्या प्रसंगांपेक्षा ती लिहायला कितीतरी अवघड.

दक्षिणेकडे, सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या बाजूला, संसाराच्या दुखण्यात देव-भुतांचाही हात असतो. बायको हसेनाशी, बोलेनाशी झाली, नवऱ्याला जवळ येऊ देईनाशी झाली की घाड्याला, म्हणजे भूतबाधा उतरवणाऱ्याला, बोलावणे जाते, देवळात कौल लावला जातो. देवाच्या अंगावर तांदूळ किंवा फुले लावून उजवा पडतो की डावा ते बघायचे. गुरव गाऱ्हाणे घालतो, आणि नवरा-बायकोच्या खोलीतली गोष्ट गावाच्या चव्हाट्यावर येते. बाईला मात्र यातून एक सवड मिळते. एरवी जे बोलली असती तर जीभ हासडली असती, ते अंगात आल्यावर तिला सासूच्या तोंडावर बोलता येते आणि वर हळदकुंकूही लागते. चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–१९७६) हे याच मुलखातले, वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई इथे जन्मलेले. त्यांच्या कादंबऱ्यांत वासना, पाप आणि दैवी भय यांची सरमिसळ घराघरांत शिरलेली असते, आणि तिथे बायकोच्या वागण्याचा उलगडा मानसशास्त्राने करू गेलेला वाचक अर्ध्या वाटेत अडकतो. जयवंत दळवींची (१९२५–१९९४) आरवलीकडची माणसे त्या मानाने उघड्यावरची. तिथे बाईच्या फटकळपणातला विनोद आणि त्यामागची उपासमार एकाच वाक्यात येतात.

जात्यावरच्या ओव्यांत सासुरवास आहे, परगावी गेलेला भ्रतार आहे, भावजयीचा ताठा आहे, आणि हे सगळे प्रथमपुरुषी. कादंबरीने हा आवाज उशिरा आणि तोकडाच उचलला. शिवाय छापील कादंबरीत निवेदन प्रमाण मराठीत आणि बाईचे भांडण मालवणीत, अशी वाटणी पुष्कळदा दिसते. निवेदकाची भाषा शहाणी वाटते, तिची भाषा आपोआप भांडखोर. मालवणीत प्रेमानेही असेच बोलतात, हे घाटावरच्या वाचकाला कोण सांगणार!

१९८२ च्या गिरणी संपानंतर पुष्कळ चाकरमानी कायमचे गावी परतले. त्यानंतरही दर वर्षी कुणी ना कुणी निवृत्त होऊन येतोच, आता कोकण रेल्वेने. या परतीतून कजाग बायकोचा एक नवा प्रकार तयार झाला आहे. तीस-पस्तीस वर्षे तिने एकटीने कलमे राखलेली असतात, गड्यांची मजुरी, देवळाची वर्गणी, हद्दीवरून चुलत्यांशी तंटे, सगळे तिनेच निभावलेले असते. नवरा येतो आणि तिसऱ्या दिवशी विचारतो, फवारणी कुणाला विचारून केलीस? ती जे उत्तर देते ते शेजारच्या वाडीपर्यंत ऐकू जाते. ज्यांनी सलग एक महिनाही एकत्र काढलेला नाही अशी दोन म्हातारी माणसे तिथून पुढे एका छपराखाली संसार शिकू लागतात, आणि भांडणाचे पहिले कारण बहुधा चहात साखर किती, हे असते.