गोळी तीच, डोस ज्याचा त्याचा

आयएनआर (रक्त गोठायला नेहमीच्या किती पट वेळ लागतो, तो आकडा) २ ते ३ मध्ये ठेवा, मेथी-पालक एकदम वाढवू नका, अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्त पातळ करण्याची वॉरफरिनसारखी गोळी कायमची लागलेल्या माणसाला या सूचना पाठ असतात. (खरं तर ती रक्त पातळ करत नाही, गुठळी व्हायला उशीर लावते. पण शब्द रुळला तो रुळलाच.) एवढ्याशा गोळीला इतकी पथ्यं का, हे समजायला शंभर वर्षांपूर्वीच्या गोठ्यात जावं लागतं.

१९२० च्या दशकात कॅनडात आणि उत्तर अमेरिकेच्या गवताळ भागात गुरं रक्तस्रावानं मरू लागली. शिंगं कापली की रक्त थांबेना. फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्यानं दोष बुरशी लागलेल्या चाऱ्यावर ठेवला. हा चारा म्हणजे स्वीट क्लोव्हर, आपल्या मेथीच्या नात्यातलीच वनस्पती. चारा वेळीच बदलला तर जनावर सावरायचं. १९३३ च्या फेब्रुवारीत एड कार्लसन हा विस्कॉन्सिनचा शेतकरी मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताचा कॅन आणि चारा गाडीत टाकून हिमवादळातून मॅडिसनला कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. १९३९ मध्ये तिथे चाऱ्यातलं, रक्त गोठू न देणारं डायकुमारॉल हाती लागलं. त्याचं भावंड असलेलं वॉरफरिन १९४८ मध्ये आधी उंदीर मारायला विकलं गेलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते दिलं गेलं, आणि उंदराच्या औषधाला प्रतिष्ठा मिळाली.

यकृत रक्त गोठवणारे काही घटक व्हिटॅमिन केच्या मदतीनं बनवतं. वॉरफरिन त्या व्हिटॅमिनचा पुनर्वापर अडवतं. आपल्याकडे जास्त चालणारं असिनोकुमारॉलही हेच करतं. म्हणजे ताटातली पालेभाजी आणि गोळी यांची रोजची रस्सीखेच. म्हणूनच 'भाजी बंद' हा सल्ला मला अर्धवट वाटतो. आठवड्याला साधारण तेवढीच भाजी खाल्ली तर डोस तिच्याशी जुळवता येतो. घोळ होतो तो श्रावणातल्या उपासांनी, आठवडाभराच्या जुलाबांनी, किंवा दुसऱ्या डॉक्टरनं दिलेल्या अँटिबायोटिकनं.

पण कितीतरी वर्षं या घोळासाठी रुग्णाकडे बोट दाखवायची सोयच नव्हती, कारण मोजमापच गोंधळाचं होतं. रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे मोजणारी आर्मंड क्विक यांची प्रोथ्रॉम्बिन टाइम तपासणी १९३५ ची. पण प्रत्येक प्रयोगशाळेचं रसायन वेगळं, त्यामुळे तेच रक्त दोन ठिकाणी दोन आकडे सांगायचं. अमेरिकेतली रसायनं कमी संवेदनशील, म्हणून तिथे ब्रिटनपेक्षा जास्त डोस दिला जाई. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आयएनआर हे सगळीकडे सारखं मोजमाप म्हणून स्वीकारला तेव्हा प्रयोगशाळांचा वाटा बराच उणा झाला. उरलेला चढउतार मग रुग्णाच्या नावावर जमा होऊ लागला. १९९३ मध्ये रोझेंदाल यांनी आयएनआर किती टक्के काळ हद्दीत राहिला हे मोजायची रीत दिली आणि त्याची टक्केवारीही निघू लागली.

२००४ मध्ये व्हीकेओआरसी१ जनुक सापडलं, वॉरफरिन ज्याला अडवतं ते विकर (एन्झाइम) बनवणारं. डोस माणसागणिक का बदलतो, याचा मोठा भाग त्यानं आणि यकृतात औषध मोडणाऱ्या सीवायपी२सी९ नं उलगडला. आता जनुक पाहून डोस ठरेल अशी आशा होती. २०१३ मध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या: युरोपातली म्हणाली फायदा आहे, अमेरिकेतली म्हणाली नाही. त्याच वर्षी आलेल्या एका गुणपद्धतीत स्त्री असणं, वय ६० पेक्षा कमी, इतर आजार, अमिओडेरोनसारखी (हृदयाचे ठोके नियमित करणारी) औषधं यांना एकेक गुण आहे. तंबाखूला दोन आणि गोरं नसण्याला दोन. गुण जास्त तितका आयएनआर बिघडण्याचा धोका जास्त. म्हणजे भारतीय रुग्णाची पाटी दोनपासूनच सुरू! वर्ण हा इथे जनुकं, आहार, दवाखान्याचं अंतर अशा कित्येक गोष्टींचा ढोबळ मुखवटा आहे. तालुक्याला तपासणीसाठी जाताना बुडणारी मजुरी मात्र त्या यादीत कुठेच नाही.

नव्या, आयएनआर न लागणाऱ्या गोळ्या २०१० पासून आल्या. त्यांनी हा पसारा बऱ्याच जणांसाठी आवरला. हृदयात धातूची झडप असलेल्यांसाठी नाही: २०१२ मध्ये यातल्या डॅबिगाट्रानची चाचणी त्यांच्यात गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यानं थांबवावी लागली. संधिवाताच्या तापानं झडप बिघडून हृदयाचे ठोके अनियमित झालेल्यांमध्येही २०२२ च्या मोठ्या चाचणीत रिव्हारोक्साबान या नव्या गोळीपेक्षा जुनी गोळीच सरस ठरली. आणि असे झडपांचे रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत, बरेचसे ऐन तिशी-चाळिशीतले.