घरून मत द्यायचंय? मुंबईतल्या मतदारांसाठी टपाली मतदानाची पात्रता, कागदपत्रं आणि सुरक्षिततेचे प्रश्न

४ जून २०२४ रोजी मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघातली ईव्हीएमची सगळी मतं मोजून झाली, तेव्हा अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांमध्ये रवींद्र वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मतं पडली होती. ती धरल्यावर वायकर ४८ मतांनी निवडून आले. बाद ठरवलेल्या १११ टपाली मतपत्रिका पुन्हा तपासल्या गेल्या, निकाल तोच राहिला. कीर्तिकरांची निवडणूक याचिका मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली.

कोण जिंकलं, कोण हरलं हा भाग बाजूला ठेवू. मला अस्वस्थ करतो तो १११ हा आकडा. ४८ मतांनी लागलेल्या निकालात १११ मतदारांनी खटपट करून दिलेलं मत मोजलंच गेलं नाही. टपाली मतदानाचा विषय निघाला की बहुतेकजण आधी विचारतात, ‘यात घोटाळा होत नाही का?’ प्रश्न रास्त आहे, त्याकडे पुढे येतोच. पण मतदाराच्या बाजूने पाहिलं तर मत चोरीला जाण्यापेक्षा ते कागदाच्या चुकीने बाद होण्याचा धोका मला मोठा वाटतो. आणि त्याहूनही मोठा धोका म्हणजे अर्जाची मुदत टळून जाणं.

ही सोय कोणाला मिळते

निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये टपाली मतदानाचे हक्कदार ठरवून दिले आहेत. मुंबईतल्या बहुतेक घरांशी संबंध येतो तो तीन गटांचा.

पहिला गट ८५ वर्षांवरील ज्येष्ठांचा आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मतदारांचा. यांना घरी बसून मत देता येतं. ही तरतूद २०१९ मध्ये आली तेव्हा वयाची अट ८० होती. २०२० मध्ये करोनाच्या काळात ती ६५ वर आणण्याचा नियम निघाला. काँग्रेस, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष आणि इतर विरोधकांनी त्याला हरकत घेतली आणि बिहारच्या निवडणुकीत आयोगाने तो लागू केला नाही. मार्च २०२४ मध्ये अट ८५ वर गेली. म्हणजे गिरगावच्या जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या ८२ वर्षांच्या आजींना आता ही सोय नाही. त्यांचं दिव्यांगत्व ४० टक्के असल्याचं प्रमाणपत्र असेल तरच दार उघडतं. मला ही अट कडक वाटते. लिफ्ट नसलेल्या इमारतींच्या शहरात ८० ते ८५ मधली माणसं मोजायला गेलं तर कमी नाहीत.

दुसरा गट निवडणुकीच्या कामावर नेमलेल्यांचा: शिक्षक, महापालिकेचे आणि बँकांचे कर्मचारी, पोलीस, होमगार्ड, वाहनचालक. तिसरा गट अत्यावश्यक सेवेतल्या लोकांचा. त्यात कोणती खाती येतात ते आयोग प्रत्येक निवडणुकीला जाहीर करतो. मतदानाच्या दिवसाच्या वार्तांकनासाठी आयोगाचं अधिकारपत्र मिळालेले पत्रकारही त्यात येतात.

याशिवाय सैन्यदलातले सेवा मतदार आहेत. त्यांना मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली जाते. ती उतरवून, छापून, मत नोंदवून टपालाने परत पाठवायची असते. पोस्टाची खरी भूमिका आता मुख्यतः इथेच उरली आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्यांनाही टपाली मत देता येतं, मात्र तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांना कोणत्याच मार्गाने नाही.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हे सगळं लोकसभा आणि विधानसभेपुरतं आहे. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग वेगळ्या नियमांनी घेतो, तिथे खाली सांगितलेला नमुना १२-डी हा अर्ज चालत नाही.

नमुना १२-डी: खरी कसोटी मुदतीची

ज्येष्ठ आणि दिव्यांग मतदारांसाठी अर्ज आहे नमुना १२-डी. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, तो घरी आणून देतात आणि भरलेला परत घेऊन जातात. आयोगाच्या संकेतस्थळावरूनही तो उतरवून घेता येतो. अर्जात नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, मतदार ओळखपत्राचा क्रमांक आणि कोणत्या कारणाने ही सोय हवी ते लिहायचं. मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक आधीच शोधून ठेवा, प्रत्येक टप्प्यावर विचारले जातात. दिव्यांग मतदारांनी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत जोडायची. ज्येष्ठांचं वय मतदार यादीत जे छापलंय ते धरलं जातं.

इथेच अनेक घरं अडकतात. आजोबांचं खरं वय ८७, यादीत ७८ असं असेल तर बीएलओ काही करू शकत नाहीत. ती दुरुस्ती नमुना ८ भरून करायची आणि निवडणूक जाहीर व्हायच्या कितीतरी आधी करायची. यादीत ‘दिव्यांग’ अशी नोंद करून घ्यायलाही हाच नमुना ८ लागतो. दोन्ही कामं मतदार संकेतस्थळावर किंवा आयोगाच्या ईसीआयनेट अ‍ॅपवर घरबसल्या होतात. निवडणूक नसताना, शांतपणे करून ठेवावं असं हे काम आहे.

आता मुदत. भरलेला १२-डी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे पोहोचायला हवा. फक्त पाच दिवस. निवडणुकीची घोषणा आणि अधिसूचना या दोन वेगळ्या तारखा असतात. २०२४ च्या विधानसभेची घोषणा १५ ऑक्टोबरला झाली, अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली आणि मुदत ऐन दिवाळीच्या तोंडावर संपली. त्याच वर्षी लोकसभेची घोषणा १६ मार्चला झाली, पण मुंबईची अधिसूचना २६ एप्रिलची. म्हणजे अर्जाचे दिवस मे महिन्याच्या उंबरठ्यावर, मुलांच्या परीक्षा संपून अर्धी मुंबई गावाला निघालेली असताना. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने या पाच दिवसांत बीएलओंची वाट पाहायची, अर्ज भरायचा, प्रमाणपत्राची झेरॉक्स काढायची, ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही. मतपत्रिका छापण्याचं वेळापत्रक आयोगाला सांभाळावं लागतं हे मान्य, पण अर्ज घोषणेच्या दिवसापासून का घेऊ नयेत?

तोवर आपल्या हातात एवढंच आहे: घोषणा होताच बीएलओंचा नंबर मिळवा. १९५० या हेल्पलाइनवर किंवा ईसीआयनेट अ‍ॅपवर तो मिळतो. सोसायटीच्या सचिवांनी आपल्या इमारतीतल्या अशा मतदारांची नावं आधीच बीएलओंना दिली तर फारच उत्तम.

अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे ‘पीबी’ (पोस्टल बॅलट) अशी खूण पडते. मग मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन ईव्हीएमवर मत देता येत नाही. त्यामुळे आजींना केंद्रावर जाऊन बोटाला शाई लावून घ्यायचीच हौस असेल, तर १२-डी भरू नका. ईसीआयनेट अ‍ॅपवर व्हीलचेअर आणि ने-आण करायची मागणी नोंदवा. अर्ज भरणं ऐच्छिक आहे, बीएलओंनी हातात दिला म्हणून भरलाच पाहिजे असं नाही.

पथक घरी येतं तेव्हा

ठरलेला दिवस आणि वेळ एसएमएसने किंवा बीएलओंमार्फत कळते. पथकात दोन मतदान अधिकारी, सोबत पोलीस आणि चित्रीकरण करणारा असतो. कोणत्या मतदारांकडे जायचं ती यादी आणि पथकाचा मार्ग उमेदवारांना आधी दिला जातो, त्यांचे प्रतिनिधी हजर राहून पाहू शकतात. मतदार पहिल्या फेरीत भेटला नाही तर पथक आणखी एकदा येतं. तेव्हाही भेटला नाही तर तिसरी फेरी नाही आणि केंद्रावरही मत देता येत नाही. त्या दिवसांत दवाखान्याची अपॉइंटमेंट असेल तर आधीच कळवा.

ओळखपत्र तपासून सही किंवा अंगठा घेतला जातो. मग मतपत्रिका, घोषणापत्र (नमुना १३-ए), आतलं पाकीट (१३-बी) आणि बाहेरचं पाकीट (१३-सी) हातात येतं. आडोसा लावून मत नोंदवायचं. पसंतीच्या उमेदवारापुढे बरोबरची किंवा फुलीची खूण करायची, एकाच नावापुढे. मतपत्रिकेवर सही, नाव, आशीर्वाद, काहीही लिहायचं नाही, कारण मतदार ओळखू येईल अशी कोणतीही खूण मत बाद करते. मतपत्रिका १३-बी मध्ये घालून ते चिकटवायचं. घोषणापत्रावर अधिकाऱ्यासमोर सही करायची आणि अधिकाऱ्याने ती साक्षांकित करायची. घोषणापत्र १३-बी मध्ये घालायचं नाही. ते आणि बंद १३-बी, दोन्ही स्वतंत्रपणे १३-सी मध्ये.

हा क्रम एवढा तपशिलात सांगतोय कारण मतमोजणीला आधी बाहेरचं पाकीट उघडतं आणि घोषणापत्र पाहिलं जातं. ते नसेल, त्यावर सही किंवा साक्षांकन नसेल, किंवा त्यावरचा मतपत्रिका क्रमांक १३-बी वरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर आतलं पाकीट उघडतच नाहीत. मत तिथेच संपलं. म्हणून पथक जायच्या आधी दोन्हीकडचा क्रमांक घरातल्या कोणीतरी मोठ्याने वाचून ताडून पाहावा. पथकाला त्याचा राग यायचं कारण नाही.

ड्युटीवर असाल तर

डोंबिवली, विरार, बदलापूरला राहून मुंबईत ड्युटी लागणाऱ्यांनी नमुना १२ भरायचा. सोबत नेमणुकीच्या आदेशाची आणि मतदार ओळखपत्राची प्रत. ज्या मतदारसंघात नाव आहे तिथेच ड्युटी लागली असेल तर नमुना १२-ए भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र घ्या आणि ड्युटीच्या केंद्रावरच ईव्हीएमवर मत द्या. दोन्हींत हा मार्ग सोपा आणि बाद होण्याची भीती नसलेला. नमुना १२ मतदानाच्या किमान सात दिवस आधी आणि १२-ए किमान चार दिवस आधी द्यायचा असतो. प्रशिक्षणाच्या दिवशीच देऊन टाका.

पूर्वी कर्मचारी मतपत्रिका घरी नेत आणि मोजणीच्या सकाळपर्यंत पोहोचवत. इतके दिवस मतपत्रिका हातात राहिली की दबाव, आमिष, ‘दाखव कोणाला दिलंस’ असले प्रकार होऊ शकतात, ही आयोगाची चिंता होती. २०२३ मध्ये नियम बदलला. आता सुविधा केंद्रावरच मतपत्रिका घ्यायची, तिथेच मत नोंदवून तिथेच द्यायची. अत्यावश्यक सेवेतल्या मतदारांनी १२-डी आपल्या खात्याच्या समन्वय अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून द्यायचा आणि ठरवून दिलेल्या टपाली मतदान केंद्रावर जायचं. ते तीन दिवस उघडं असतं.

मग घोटाळ्याचं काय?

अमेरिकेत २०२० पासून टपाली मतदानावर जो वाद पेटला आहे, तो आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही. ओरेगनसारख्या राज्यात प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला मतपत्रिका पोस्टाने येते आणि परत आलेल्या पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात. तिथला वाद पत्ते, सह्या आणि उशिरा पोहोचलेल्या पाकिटांचा आहे. आपल्याकडे मतदाराची ओळख अधिकारी समोर उभा राहून पटवतो, त्यामुळे दुसऱ्याच्या नावाने मत देणं कठीण.

आपला कच्चा दुवा घराच्या आत आहे. मुलगा शेजारी उभा राहून ‘आई, इथे कर खूण’ म्हणाला, तर कॅमेरा असूनही गुप्तता राहिली नाही. नियमाने मतदार अंध किंवा खूण करण्याइतकाही सक्षम नसेल तरच सोबत्याची मदत घेता येते आणि तो सोबती मतदाराने स्वतः निवडायचा असतो. इतरांनी बाजूला व्हायचं. पथकाने ते सांगितलं नाही तर घरच्यांनी आपणहून व्हावं. आईने आयुष्यभर स्वतः ठरवलेलं मत शेवटच्या काही निवडणुकांत आपण ठरवायचं, हे मला तरी कोणत्याही बोगस मतदानाइतकंच वाईट वाटतं. बाहेरच्या कोणी दबाव टाकला किंवा पैसे देऊ केले, तर ईसीआयनेट अ‍ॅपवरच्या सी-व्हिजिल सुविधेत छायाचित्रासह तक्रार करा.

दुसरा वाद मोजणीच्या क्रमाचा. टपाली मतं सकाळी आठला मोजायला घेतात, ईव्हीएम अर्ध्या तासाने. पूर्वी टपाली मोजणी संपल्याशिवाय ईव्हीएमची शेवटून दुसरी फेरी सुरू करत नसत. २०१९ मध्ये हे बंधन काढलं गेलं आणि चुरशीच्या जागांवर शंका वाढल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने ते पुन्हा आणलं. शिवाय विजयाचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती सगळी बाद मतं पुन्हा तपासणं बंधनकारक आहे. हे दोन्ही नियम चांगले आहेत.

न्यायाचा प्रश्न मात्र उरतोच. रत्नागिरीच्या यादीत नाव असलेल्या आणि परळला नोकरी करणाऱ्या चाकरमान्याला टपाली मत नाही. त्याने गावी जावं किंवा नमुना ८ भरून नाव मुंबईत आणावं. दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे ठेवला, पण विरोध झाला आणि पुढे काही हललं नाही. दुबईत किंवा न्यू जर्सीत असलेल्या भारतीय नागरिकालाही पासपोर्ट घेऊन केंद्रावर यावं लागतं. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये मंजूर झालं होतं, पण २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच ते बाद झालं.

मुंबई शहर आणि उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. शहराचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला जुन्या जकात घरात, उपनगराचं वांद्रे पूर्वेला. १२-डी मात्र या दोन्हीकडे नाही, तुमच्या विधानसभा मतदारसंघाच्या कार्यालयात जातो. छत्तीस मतदारसंघांपैकी तुमचा कोणता ते मतदार यादीतल्या नोंदीवरून पाहा. कुर्ला, चेंबूर, अणुशक्तीनगर अशा लागून असलेल्या भागांत पत्त्यावरून अंदाज बांधू नका. अर्ज दिल्यावर बीएलओंकडून पोच घ्या आणि पथक येऊन जाईपर्यंत जपून ठेवा.