बल चेंडूत नसतं

नागपूरजवळच्या जामठ्याच्या स्टेडियमवर ताशी १०८ किलोमीटर वेगाने येणाऱ्या चेंडूत किती बल असतं? या प्रश्नाला उत्तर नाही. चेंडूपाशी असते ती गतिज ऊर्जा, म्हणजे वेगामुळे आलेली ऊर्जा. बल किती लागेल हे आपण त्याला थांबायला किती अंतर देतो त्यावर ठरतं.

हिशेब शाळेतलाच आहे. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणून निम्मं केलं की ऊर्जा मिळते, आणि तिला थांबण्याच्या अंतराने भागलं की सरासरी बल. चेंडू १६० ग्रॅमचा, वेग सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ऊर्जा ७२ ज्यूल. हात ३० सेंटिमीटर मागे नेत झेल घेतला तर सरासरी बल २४० न्यूटन, साधारण २४ किलोचा भार. हात ताठ ठेवून ३ सेंटिमीटरमध्येच अडवला तर २,४०० न्यूटन. (ही सरासरी झाली, एखाद्या क्षणी बल याहूनही जास्त असतं.)

आता शिवमडक्याजवळून समृद्धी महामार्गाला लागा. हजार किलोची कार ताशी ६० वर असताना कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला, तर ती साधारण २० मीटरमध्ये थांबते. बल सुमारे ७,००० न्यूटन. हे बल ब्रेकचं वाटतं, पण गाडीला बाहेरून मागे रेटतो तो रस्ता, टायरच्या घर्षणातून. घर्षणाला मर्यादा आहे, म्हणून १२० च्या वेगातही बल तेवढंच मिळतं. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट, त्यामुळे अंतर ८० मीटर. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी आणखी ३३ मीटर पुढे गेलेली असते. पावसात घर्षण घटतं आणि हे सगळं लांबतं.

धडक झाली तर मात्र अंतर मीटरांत उरत नाही. ताशी ६० ची कार भिंतीवर आदळली आणि बॉनेट चेपत अर्ध्या मीटरमध्ये थांबली, असं धरू. पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर १० किलोचं बाळ आहे. त्याला गाडीबरोबर थांबवायला सुमारे २,८०० न्यूटन लागतील, म्हणजे २८० किलोचा भार, तोही सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी वेळात पेलायचा. ‘मी घट्ट धरलंय ना’ म्हणणाऱ्या कुठल्याही हातांना ते जमणारं नाही. हातातून सुटलेलं बाळ पुढे त्याच वेगाने जातं, आणि डॅशबोर्ड त्याला थांबायला जेमतेम ५ सेंटिमीटर देतो. बल दहापट होतं. सीटला पक्की बांधलेली लहान मुलांची खुर्ची बाळाला बॉनेटचा तो अर्धा मीटर मिळवून देते.