गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट काय सांगतात?

स्तनाच्या कर्करोगाचा रिपोर्ट आला की घरचे आधी स्टेज विचारतात, मग ग्रेड, मग ईआर, पीआर (पेशींतले हार्मोन रिसेप्टर) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन). खाली एखादी ओळ अशीही असते : ‘स्ट्रोमल टिल्स ४० टक्के’. तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. बघायला हवं.

टिल्स म्हणजे गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या मोजायला वेगळा खर्च नाही. निदानासाठी बनवलेली नेहमीची एच-अँड-ई (दोन रंगांनी रंगवलेली) स्लाइड पुरते. तिच्यावर या पेशी गर्द जांभळ्या, गोल केंद्रकाच्या दिसतात. पॅथॉलॉजिस्ट त्या एकेक करून मोजत नाहीत. कर्करोगी पेशींच्या पुंजक्यांमधल्या आधार-ऊतीचा, म्हणजे स्ट्रोमाचा, किती भाग त्यांनी व्यापलाय, हे बघतात. गच्च भरलेला एखादा कोपरा निवडायचा नाही, सगळ्या भागाची सरासरी काढायची. मेलेला भाग, जुन्या बायोप्सीची जखम आणि गाठीच्या सीमेबाहेरच्या पेशी सोडून द्यायच्या. नाहीतर बांधावरचं गवत उसाच्या वजनात धरल्यासारखं होतं.

ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नसलेल्या) प्रकारात टक्का जितका जास्त, तितका रोग उलटण्याचा धोका कमी. हर-टू पॉझिटिव्हमध्येही साधारण तसंच. पण हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह गाठीत गणित फिरतं. जर्मनीतल्या ३,७७१ रुग्णांच्या २०१८ च्या एकत्रित अभ्यासात अशा गाठींत टिल्स जास्त असताना केमोने गाठ विरघळण्याचं प्रमाण वाढलं, तरी आयुर्मान कमी भरलं. शिरलेल्या सगळ्याच पेशी लढत नाहीत, काही उलट लढणाऱ्यांना आवरतात आणि साध्या स्लाइडवर त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. म्हणून गाठीचा प्रकार बाजूला ठेवून हा आकडा वाचू नये आणि केवळ त्यावरून केमो टाळू तर नयेच.

आकडा बिघडतो तो बहुतेकदा मायक्रोस्कोपच्या आधीच. जत, आटपाडी, विट्याकडून नमुना मिरज-सांगलीच्या लॅबला निघतो तेव्हा काळजी इथेच घ्यायची. गाठ काढल्यावर तासाभराच्या आत ती १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) जायला हवी. सलाइनमध्ये नाही. बरणी रुंद तोंडाची आणि द्रव नमुन्याच्या किमान दहापट. फॉर्मॅलिन आत फार सावकाश मुरतं, तासाला जेमतेम १ मिलिमीटर. मोठा नमुना अखंड टाकला तर एप्रिल-मेच्या उन्हात मधला भाग बाहेरून चांगला दिसत असतानाच कुजू लागतो. मग कर्करोगी पेशींची केंद्रकं आकसून काळपट होतात आणि लिम्फोसाइटसारखी भासतात, शिवाय ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. यासाठी कडांना शाई लावून, पॅथॉलॉजिस्टशी फोनवर बोलून गाठीला छेद द्यावा. चकत्या ५ ते १० मिलिमीटरच्या. फॉर्मॅलिनमध्ये ६ तासांपेक्षा कमी नको, ७२ पेक्षा जास्त नको. चिमट्याने दाबलेल्या कडेची पेशी-मोजणी होतच नाही.

रिपोर्टात टिल्सची ओळ नसेल तर पॅथॉलॉजिस्टना विचारा, त्याच स्लाइडवरून ती नंतरही देता येते. पुण्या-मुंबईला दुसरं मत घ्यायला जाताना रिपोर्टाच्या झेरॉक्सबरोबर स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉकही (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) मागून न्या.