हप्त्याची चिंता की नैराश्य? कारण सापडलं म्हणजे निदान झालं, असं नाही

कोरोनाचा विषय निघाला की अजूनही एक वाक्य हमखास कानावर पडतं: "त्याला डिप्रेशन-बिप्रेशन काही नव्हतं हो, पैशाचं टेन्शन होतं." आणि त्याच गप्पांत थोड्या वेळाने कुणीतरी नेमकं उलटं ठोकून देतं: "लॉकडाउनमध्ये सगळेच डिप्रेशनमध्ये होते." दोन्ही वाक्यं चूक आहेत आणि दोन्हींनी माणसांचं नुकसान केलंय. पहिल्या वाक्यामुळे आजारी माणूस डॉक्टरपर्यंत पोचला नाही. दुसऱ्यामुळे, ज्याला किराणा आणि हप्त्याची सवलत हवी होती त्याच्या हातात दीर्घ श्वास घ्यायचा व्हिडिओ टेकवला गेला.

पैशाचा ताण काय असतो हे मी कुणाला सांगायला नको. २४ मार्च २०२० च्या रात्री २१ दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली आणि घर चालवणाऱ्या प्रत्येकाने मनातल्या मनात हिशेब मांडला: भाडं, हप्ता, आईची औषधं, शाळेची फी. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, ती वाढत वाढत ३१ ऑगस्टपर्यंत गेली. ती सवलत होती, माफी नव्हती. व्याज चालूच राहिलं आणि हे अनेकांना सप्टेंबरमध्ये कळलं. खासगी सावकाराकडून घेतलेल्यांना तर तेवढीही उसंत मिळाली नाही. हा ताण खरा होता, बाहेरचा होता आणि त्यावर पहिला उपाय पैसा हाच होता. इतकं पुरे.

नैराश्य, म्हणजे डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात ते, हा आजार आहे. मॅच हरल्यावर येतं ते नव्हे. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहतं किंवा कशातच रस उरत नाही. त्याच्या जोडीला थकवा, झोप-भुकेची गडबड, एकाग्रता जाणं, स्वतःबद्दल घृणा, मरणाचे विचार यांतलं बरंच काही असतं.

आता फरक. झोप दोन्हींत उडते, भूक दोन्हींत मरते, चिडचिड दोन्हींत होते. म्हणून या तिघांवरून निवाडा करायला जाऊ नका. ताणात माणूस रात्री हिशेब करत तळमळतो आणि नैराश्यात बऱ्याच जणांना पहाटे तीन-चारलाच जाग येते, तो वेळ सगळ्यांत जड जातो, हे ढोबळमानाने खरं आहे. पण ते सगळ्यांना लागू नाही, त्यामुळे त्यावर भिस्त नको.

लोक खरे अडखळतात ते वेगळ्याच ठिकाणी. आपण कारण शोधतो. कारण सापडलं की सुटल्यासारखं वाटतं: नोकरी गेली, धंदा बसला, मग उदास नाही होणार तर काय होणार? आणि तिथेच विचार थांबतो. म्हणजे आपल्या डोक्यात एक नियम पक्का बसलाय की ज्याला कारण आहे तो ताण आणि ज्याला कारण नाही तो आजार. हा नियम साफ खोटा आहे. रस्त्यातल्या खड्ड्यामुळे पडून पाय मोडला, तर "कारण कळलं ना, मग प्लास्टर कशाला?" असं कुणी विचारत नाही. आणि महापालिकेने खड्डा बुजवला म्हणून हाड सांधत नाही. खड्डा बुजवलाच पाहिजे, पण ते काम वेगळं.

या गोंधळातून तज्ज्ञही सुटले नव्हते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या नियमावलीत पूर्वी एक अपवाद होता: जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने सहसा नैराश्याचं निदान करायचं नाही, कारण दुःखाला कारण आहे. २०१३ साली तो अपवाद काढून टाकला. त्यावर बराच वाद झाला आणि तो रास्तही होता, साध्या दुःखाला आजार ठरवलं जाईल अशी भीती होती. पण कारण असलेला माणूसही आजारी पडू शकतो, एवढी गोष्ट त्यातून मान्य झाली.

मग ओळखायचं कशावरून? दोन माणसं सांगतो. नावं देत नाही, ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

पहिला शाळेची व्हॅन चालवायचा. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शहरांतली लहान मुलं पुढे जवळपास पावणेदोन वर्षं शाळेत गेली नाहीत, म्हणजे त्याची व्हॅनही नाही. गाडीवर कर्ज. त्याने मागच्या सीटा काढल्या आणि सोसायट्यांच्या गेटवर कांदे-बटाटे विकायला लागला. वहीच्या शेवटच्या पानावर उधाऱ्या लिहिलेल्या, ते पान दिवसातून दहादा उघडायचा. रात्र रात्र जागा. बायकोवर ओरडायचा, पोरांवर हात उगारायचा आणि मग स्वतःच खजील व्हायचा. बघणारा म्हणेल, हा गेला कामातून. पण एखाद्या दिवशी माल सगळा खपला की गडी शिट्टी वाजवत घरी. मुलीला मांडीवर घेऊन मोबाइलवर तिचा ऑनलाइन वर्ग बघायचा, मास्तरांची नक्कल करून तिला हसवायचा. म्हणायचा, "हप्त्यापुरते सुटले की मी माणसात येतो." आणि खरंच यायचा.

दुसरा एका खासगी कंपनीत हिशेब बघायचा. मे महिन्यापासून पगार अर्धा. दिवाळीच्या आधी तो पूर्ववत झाला, कापलेलंही बरंचसं परत मिळालं. घर सुटकेचा निःश्वास टाकून मोकळं झालं. तो झाला नाही. "पुन्हा कापणारच आहेत," एवढंच बोलला. हा गृहस्थ दर रविवारी मटण स्वतः करायचा, वाटण दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही, मिक्सरपाशीसुद्धा कुणाला फिरकू द्यायचा नाही. ते सुटलं. मटण परवडत होतं, त्याचं मनच तिथे नव्हतं. मित्राचा फोन वाजायचा आणि तो स्क्रीनकडे बघत बसायचा. घरच्यांनी डॉक्टरांना ॲसिडिटी सांगितली. नातेवाइकांनी "आता तर पगार सुरू झाला, आता काय रडगाणं?" असं सुनावलं.

ज्याच्या खिशात काही नव्हतं तो ताणात होता आणि ज्याचा पगार परत आला तो आजारी होता. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी मात्र बरोबर उलटं ठरवलं होतं, कारण सगळे खिसा बघत होते.

बघायचं ते हे: चांगली गोष्ट घडली की मन हलतं का? ताणातलं मन परिस्थितीबरोबर खाली-वर होतं. पैसे आले, काम मिळालं, अगदी चार मित्रांत तासभर कॅरम झाला तरी सैल पडतं. नैराश्यातलं मन बहुधा जागचं हलत नाही, आनंदाची बातमी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. काहींचं मन थोडा वेळ उजळतं आणि पुन्हा बुडतं, म्हणून एका संध्याकाळीवरून ठरवू नये. दोन-तीन आठवडे लक्ष ठेवावं.

दुसरी खूण कमावत्यांच्या बाबतीत जास्त कामाची आहे आणि तीच सगळ्यात जास्त निसटते. "कामावर जातोय ना? मग कसलं डिप्रेशन!" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. घर ज्याच्यावर चालतं त्याचं काम सगळ्यांत शेवटी सुटतं. तो उठतो, जातो, राबतो, कारण न जाणं त्याला परवडतच नाही. त्याच्या आधी सुटतात त्या बिनपैशाच्या, कुणी सक्ती न केलेल्या गोष्टी: टपरीवरचा चहा, गल्लीतलं क्रिकेट, गावाकडे फोन, पोराशी दंगामस्ती, दाढी. म्हणून "कामावर जातो का" विचारू नका. "कामाशिवाय काय काय सुटलं" ते विचारा, आणि त्यातलं फुकटचं किती होतं ते मोजा. पैशाअभावी सिनेमा सुटणं समजू शकतं. रेडिओवरची गाणीही नकोशी झाली तर ते पैशाचं नाही.

१९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली कापड गिरणी बंद पडली, जवळजवळ सगळं गाव बेकार झालं, तेव्हा तिथे गेलेल्या संशोधकांना हेच दिसलं होतं. वेळ भरपूर मोकळा, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं वाढण्याऐवजी घटलं. रस्त्यावर पुरुष बायकांपेक्षा सावकाश चालू लागले, मध्येच थांबू लागले. बायकांच्या मागे घरचं काम होतंच. सगळे आजारी होते असं नव्हे, पण ताण लांबला की माणूस कसा विझत जातो ते त्यातून दिसतं. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या घरांनी हे जवळून पाहिलंय, तिथल्या जुन्या लोकांना विचारा.

तिसरी खूण बोलण्यातली. ताणातला माणूस परिस्थितीला शिव्या घालतो: सरकार, मालक, बँक, नशीब. त्याची भाषा "पैसे नाहीत" अशी असते. नैराश्यात बोट स्वतःकडे वळतं: "मी नालायक. माझ्याच्याने काही होत नाही. मी ओझं आहे." कमावत्या माणसाच्या तोंडी याचं एक खास रूप येतं, ते म्हणजे "मी नसलो तर निदान विम्याचे पैसे तरी मिळतील." हे वाक्य थट्टेत आलं तरी थट्टा समजू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. विचारल्यावर बहुतेक माणसांना हायसं वाटतं. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फोन लावा. तो मोफत आहे, रात्रीही चालतो.

सरकारी नोंदीही हा घोळ वाढवतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२० मध्ये देशात १,५३,०५२ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात ३७,६६६ जण रोजंदारीवर कमावणारे होते. हा सगळ्यांत मोठा गट. पण कारणांच्या तक्त्यात कर्जबाजारीपणा वेगळा, बेरोजगारी वेगळी, आजार वेगळा आणि प्रत्येक मृत्यू कुठल्या तरी एकाच रकान्यात. कर्ज होतं आणि त्यातून आजार झाला, अशा माणसाला रकानाच नाही. मग वर्तमानपत्रात "कर्जाला कंटाळून" छापून येतं आणि वाचणारा पुन्हा तोच धडा घेतो.

बाईबद्दल वेगळं लिहायला नको होतं, पण लिहावं लागतं, कारण कमावता म्हटलं की लोकांना मिशाच दिसतात. सोसायट्यांनी कामवाल्या बायकांना गेटबाहेर ठेवलं तेव्हा अनेक घरांत एकमेव येणारा पैसा बंद झाला. तिच्या नैराश्याला "घरचं टेन्शन" म्हणतात, तिची पाठदुखी आणि डोकेदुखी तेवढी दवाखान्यात जाते. पुरुषाचं दारूआड आणि रागाआड लपतं, तिचं अंगदुखीआड.

दुसऱ्या बाजूचा रागही सांगून टाकतो. पगार कापायचा आणि त्याच आठवड्यात कर्मचाऱ्यांसाठी "आनंदी मन" असं ऑनलाइन सत्र ठेवायचं, हा प्रकार मला निलाजरा वाटतो. व्हॅनवाल्याला समुपदेशन देणं म्हणजे त्याच्या अडचणीचं खापर त्याच्याच मनावर फोडणं. त्याला हप्त्याची फेररचना हवी, रेशन हवं, पीएफ असेल तर त्यातून उचल हवी, बँकेत सोबत येऊन बोलणारा मेव्हणा हवा. "पॉझिटिव्ह राहा" तर दोघांनाही नको. एकाला त्याचा उपयोग नाही, दुसऱ्याला ते जमत नाही म्हणून तो स्वतःला आणखी दोष देतो.

दोन्ही एकत्र असतात तेव्हा काय करायचं? एकत्र असतातच, पुष्कळदा. तेव्हा आधी कुठलं, नंतर कुठलं हा वाद घालत बसू नका, दोन्ही कामं दोघांनी वाटून घ्या. कर्जाचं कागदपत्र भाऊ बघेल, डॉक्टरचं बायको. एक मात्र: नैराश्यातल्या माणसाला घर विकणं, नोकरी सोडणं असे मोठे निर्णय तेव्हाच घ्यायला लावू नका, त्याला सगळं बुडालेलंच दिसत असतं. आणि डॉक्टरला रक्ताच्या तपासण्या करू द्या. थायरॉइडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा कोरोनानंतरचा रेंगाळणारा थकवाही असाच दिसतो.

"त्यासाठीही पैसे नाहीत" ही अडचण खरी आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे मोठा खर्च येत नाही. आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारासारखंच मानसिक आजाराला संरक्षण द्यायला सांगितलंय. बाह्यरुग्ण खर्च मिळतो का तेवढं पॉलिसीत बघून घ्या. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पाचव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून त्या बंद करू नका, आणि मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी आणून तीच नैराश्याची गोळी समजू नका. बरं वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर, बहुधा सहा महिने किंवा जास्त, चालू ठेवाव्या लागतात. पगार झाला म्हणून त्या थांबवायच्या नसतात.