‘संपूर्ण’ या शब्दाचा घोळ : एका जाडजूड भयकादंबरीतल्या अपेक्षाभंगाची पार्श्वभूमी

‘द स्टँड’ ही अमेरिकन लेखक स्टीफन किंगची कादंबरी. एक साथ जवळजवळ सगळी माणसं मारते, आणि वाचलेल्यांतले सज्जन बोल्डरमध्ये तर दुर्जन लास व्हेगसमध्ये जमतात. ती संपवून पुस्तक खाली ठेवणारा वाचक बहुतेक वेळा दोन तक्रारी करतो. पहिली, मधली तीन-चारशे पानं कुणीतरी कापायला हवी होती. दुसरी, एवढं चालवत नेलं आणि शेवट हा? दुसरीकडे नंतर येऊ. पहिली तक्रार करणाऱ्याला सहसा ठाऊक नसतं की जवळजवळ तेवढीच पानं एकदा कापली गेली होती आणि कादंबरी बारा वर्षं तशीच वाचली जात होती. तिचं नाव झालं ते त्या कापलेल्या रूपात. आज आपल्या हातात पडतं ते दुसरं रूप आहे.

भीती आणि लांबी यांची सोयरीक जुनी आहे. १७९४ सालची एक गाजलेली गॉथिक कादंबरी चार खंडांत निघाली होती. पुढच्या शतकात इंग्लंडातल्या वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयांना तीन खंडांची कादंबरी सोयीची वाटे, कारण एकच कादंबरी एका वेळी तीन घरांत फिरवता येई. १८४५ ते १८४७ या काळात रक्तपिपासू सरदाराची एक मालिका पेनीला एक अंक अशी चालली आणि दोनशेच्या वर प्रकरणांपर्यंत गेली. १८९४ मध्ये वाचनालयांनी तीन खंडांकडे पाठ फिरवली, ती पद्धत मोडली आणि भय मुख्यतः कथेत नांदू लागलं. भुताची गोष्ट म्हणजे वीस-पंचवीस पानं, असं पुढे कित्येक दशकं मानलं जात होतं.

जाड पुस्तक परत आलं ते १९७०च्या दशकात, पेपरबॅकच्या बाजारावर स्वार होऊन. मेन राज्यातल्या ज्या लेखकाबद्दल आपण बोलतोय, त्याची १९७४ची पहिली कादंबरी अवघी १९९ पानांची होती. तिचे पेपरबॅकचे हक्क चार लाख डॉलरला गेले. १९७५ची दुसरी ४३९ पानांची, १९७७ची तिसरी ४४७ पानांची. १९७८ मध्ये ‘द स्टँड’ आली ती ८२३ पानांची. प्रकाशकाकडे दिलेलं हस्तलिखित त्याहून बरंच मोठं होतं, आणि खरा वाद तिथून सुरू होतो.

ही काटछाट कशी झाली हे लेखकाने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. मजकूर सैल पडलाय, असं संपादकाचं मत नव्हतं. प्रकाशन संस्थेच्या हिशेब खात्याने छपाईचा खर्च काढला, आधीच्या चार पुस्तकांच्या (तीन कादंबऱ्या आणि एक कथासंग्रह) पक्क्या बांधणीच्या प्रतींचा खप शेजारी ठेवला आणि बाजार १२.९५ डॉलरच्या वर जाणार नाही असं ठरवलं. त्या किमतीत बसवायचं तर हस्तलिखितातली सुमारे चारशे पानं जायला हवी होती. तुम्ही कापा, नाहीतर आम्ही कापतो, असं सांगितल्यावर लेखकाने नाइलाजाने कात्री स्वतःच्या हातात घेतली. त्यानंतर लवकरच त्याने प्रकाशक बदलला.

या कथेत वाचकाची सहानुभूती लेखकाकडे जाते, माझीही जाते. किंमत आधी ठरवायची आणि कादंबरी त्या मापाची कापायची, हा साहित्याचा निर्णय नव्हेच. तरीही निर्णय कुणी आणि का घेतला हा एक प्रश्न, आणि त्यातून निघालेलं पुस्तक कसं होतं हा वेगळा. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. पैशासाठी कापलेलं पुस्तक वाईटच असायला हवं असं काही नाही.

१९९० मध्ये कापायला लावणाऱ्या त्याच जुन्या प्रकाशकाने कादंबरी पुन्हा काढली, आता ११५२ पानांची. सुमारे दीड लाख शब्द परत आल्याचं सांगितलं गेलं, सोबत डझनभर काळी-पांढरी चित्रं दिली आणि मुखपृष्ठावर ‘संपूर्ण आणि अखंड’ या अर्थाचा शिक्का मारला. त्या शिक्क्याने जेवढा गोंधळ केला तेवढा कात्रीनेही केला नव्हता.

‘अखंड’ म्हटल्यावर आपल्याला वाटतं की १९७८च्या आधीचं हस्तलिखित जसंच्या तसं छापलंय. तसं झालेलं नाही. लेखकाने प्रस्तावनेतच सांगितलंय की चारशेची चारशे पानं त्याने परत घेतलेली नाहीत. कापून टाकलेल्यातलं काही कापून टाकण्याच्याच लायकीचं होतं. म्हणजे ‘अखंड’ आवृत्तीलाही कात्री लागलेली आहे, फक्त ती लेखकाच्या मर्जीने लागली. शिवाय परत आलेल्या मजकुराबरोबर जुना मजकूरही बदलला. सुरुवातीला एक तुकडा आला, शेवटी एक आला आणि मधली सालं हलली. मराठी प्रकाशन व्यवहारात याला सरळ ‘सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती’ म्हटलं असतं. हा साधा, प्रामाणिक शब्द तिथे वापरला असता तर वाचक वेगळ्या अपेक्षेने आत शिरला असता. ‘सुधारून वाढवलेली’ म्हटलं की आपण विचारतो, काय सुधारलं, काय वाढवलं? ‘संपूर्ण’ म्हटलं की प्रश्नच मिटतो, आणि १९७८चं पुस्तक आपोआप अपुरं ठरतं.

त्या प्रस्तावनेचे दोन भाग आहेत: पहिला पुस्तक विकत घेण्याआधी वाचायचा, दुसरा घेतल्यानंतर. ही नवी कादंबरी नाही, आणि आधी आवडली नसेल तर आताही आवडणार नाही, अशी स्पष्ट सूचना पहिल्यात आहे. दुसऱ्यात हॅन्सेल आणि ग्रेटेलची गोष्ट आधी हाडकुळी करून सांगितली आहे. कथानक सगळं तेच, पण वाटेवर टाकलेले पावाचे तुकडे नाहीत, घरातले बारकावे नाहीत. लेखकाचं म्हणणं असं की अशी गोष्ट पुरी असते पण तिच्यात जीव नसतो. युक्तिवाद देखणा आहे. मला तो निम्माच पटतो. परत आलेल्या मजकुरात फ्रॅनी ही नायिका आणि तिची आई यांचा सामना आहे. लग्नाआधी दिवस गेल्याचं मुलगी सांगते आणि आई दिवाणखान्यातल्या त्या जपून ठेवलेल्या वस्तूंच्या मधोमध उभी राहून तिच्यावर अक्षरशः तुटून पडते. ही पानं नसती तर साथीत ते घर ओस पडतं तेव्हा आपल्या पोटात जे तुटतं ते तुटलं नसतं. उलट, वाटेत भेटणाऱ्या त्या माथेफिरू मोटारवाल्या पोराचा सगळा तुकडा परत आला आणि पश्चिमेकडचा प्रवास नको तिथे रेंगाळला. एकच कात्री दोन्ही ठिकाणी चालली होती. एका ठिकाणी तिने नुकसान केलं, दुसऱ्या ठिकाणी उपकार.

सालांचा मुद्दा मात्र माझ्या लेखी सर्वांत मोठा आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. १९७८च्या पुस्तकात साथ १९८०च्या जूनमध्ये सुटते. पेपरबॅकमध्ये ती १९८५वर गेली, १९९०च्या आवृत्तीत १९९०वर. ‘हे उद्या घडेल’ अशी भीती टिकवायला साल पुढे सरकवलं, हे समजण्यासारखं आहे. पण माणसं सरकली नाहीत. लॅरी हा गायक ज्या गाण्यामुळे अचानक प्रसिद्ध होतो, त्या गाण्याची बोली सत्तरच्या दशकातली आहे. त्याचं बोलणं तसंच, त्याच्या आईचं त्याच्यावर वैतागणंही तसंच. सरकारबद्दलचा संशयही व्हिएतनामनंतरचा ताजा, कडवट संशय आहे. कादंबरीमागच्या प्रेरणांमध्ये १९६८ साली यूटात लष्करी चाचणी केंद्राजवळ हजारो मेंढ्या मेल्याची बातमी होती. त्या बातमीची धग १९७५ साली ताजी होती. १९९०चं साल डोक्यावर चिकटवल्यावर पात्रं कुठल्याच काळात नीट उभी राहत नाहीत. आज प्रथमच वाचणारा म्हणतो, ‘काहीतरी जुनाट वाटतंय, पण काय ते सांगता येत नाही.’ त्याची चूक नाही. त्या पुस्तकात दोन दशकं एकमेकांवर छापलेली आहेत.

आता दुसरी तक्रार. शेवटाची बीजं लेखनाच्या अडचणीत आहेत, आणि तीही लेखकाने लपवलेली नाही. कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये तो त्या काळात राहत होता. वाचलेल्या सज्जनांचं गाव म्हणून त्याने तेच घेतलं. मजकूर पाचशे पानांच्या पुढे गेला, तोही ओळींत जागा न सोडता टंकलेल्या पानांत, आणि गाडी अडली. माणसं फार झाली होती, धागे फार झाले होते. हस्तलिखित दोन-तीनशे पानांचं असतं तर सोडून दिलं असतं, असं त्याने म्हटलंय. रोज लांब फिरायला जायचा आणि एक दिवस उत्तर सुचलं: कपाटात बॉम्ब ठेवायचा आणि प्रमुख पात्रांतली निम्मी उडवायची. त्यानंतर पहिला खर्डा नऊ आठवड्यांत हातावेगळा झाला.

हे कळल्यावर मला अख्ख्या पुस्तकाची चाल उमगली. बॉम्बच्या आधीचा भाग अडलेल्या लेखकाचा आहे, आणि तो तसाच वाचला जातो. तिथे समितीच्या सभांचं इतिवृत्त अक्षरशः इतिवृत्ताच्या रूपात दिलंय: कुणी ठराव मांडला, कुणी अनुमोदन दिलं. सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या कुणालाही ती पानं ओळखीची वाटतील. त्याच भागात एक अस्सल भयाची जागाही आहे. गावात वीज परत आणायचा प्रयत्न होतो आणि यंत्रणेवर एकदम भार येतो, कारण माणसं मेली तेव्हा चालू असलेली घरोघरची उपकरणं एका क्षणात पुन्हा सुरू होतात. मेलेल्यांच्या घरांत दिवे, स्वयंपाकघरांत शेगड्या. मग घरोघर जाऊन बटणं बंद करायला माणसं नेमावी लागतात. हीच ती लांबी, जी कारणी लागते.

बॉम्बनंतरचा भाग सुटलेल्या लेखकाचा आहे आणि तो धावतो. लास व्हेगसमध्ये जो न्याय होतो तो आभाळातून येतो. हजार पानं चालून आलेली माणसं तिथे फक्त साक्षीला उभी असतात. बाजू मांडणारे म्हणतात की ही सुरुवातीपासून श्रद्धेचीच गोष्ट होती, सज्जनांना एकत्र आणणाऱ्या म्हाताऱ्या अ‍ॅबगेलने तेच सांगितलं होतं. हे म्हणणं खोटं नाही. पण वाचकाने इतका वेळ माणसांच्या निवडीवर लक्ष ठेवलेलं असतं, आणि ऐनवेळी निवाडा त्यांच्या हातून काढून घेतला जातो. कादंबरीच्या बहुतेक निस्सीम चाहत्यांशी बोलताना मला हेच जाणवलं, की त्यांचं प्रेम पहिल्या एक-तृतीयांश भागावर आहे, आणि त्याच्या जोरावर ते पुढचं सगळं पदरात घेतात.

मराठी वाचकाच्या अपेक्षाभंगाला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे या लेखकाच्या कथावस्तू फार आधी, दुसऱ्या नावांनी पोचल्या होत्या. नारायण धारपांच्या ‘लुचाई’ आणि ‘शपथ’ या कादंबऱ्या किंगच्याच दोन कादंबऱ्यांवरून बेतल्या आहेत, हे मराठी भयकथेच्या वाचकाला आता माहीत आहे. धारपांनी गावं बदलली, घरं बदलली आणि मुख्य म्हणजे पसारा आवरला. वाचनालयातून शनिवारी आणलेलं पुस्तक सोमवारी परत जायचं, त्या चालीची ती भीती होती. त्यावर वाढलेला वाचक पुढे मूळ इंग्रजीकडे वळतो तेव्हा त्याला तीच कसून बांधलेली गोष्ट हवी असते. ‘द स्टँड’ ती देऊ शकत नाही. मी स्वतः फोर्टच्या फुटपाथवर तिची पेपरबॅक प्रत घेतली होती. सातशेव्या पानाच्या आसपास कणा तुटला आणि पुढचं सगळं मी दोन तुकड्यांत वाचलं, पुढचा तुकडा बॅगेत आणि मागचा घरी. पहिला तुकडा मी नंतर तीनदा वाचला आहे. दुसरा एकदाच.

नंतरच्या घडामोडी थोडक्यात. १९९४ मध्ये चार भागांची दूरचित्रवाणी मालिका आली, पटकथा लेखकाचीच. २०००च्या दशकाच्या शेवटी कॉमिक्स सुरू झाली. मार्च २०२०मध्ये जगभर या कादंबरीचं नाव पुन्हा निघालं, तेव्हा ही साथ पुस्तकातल्यासारखी नाही, तेवढी भीषण नाही, असं लेखकाला जाहीरपणे सांगावं लागलं. पुस्तकातली साथ शेकडा ९९हून अधिक लोकांना नेते. टाळेबंदीत माझ्या ओळखीच्या चार-पाच जणांनी ती हाती घेतली आणि साथ ओसरते त्या पानांपाशी, म्हणजे बोल्डरच्या सभा सुरू होताच, सोडली. त्याच डिसेंबरात नऊ भागांची नवी मालिका आली. तिचा शेवटचा भाग लेखकाने स्वतः लिहिला, फ्रॅनीला मध्यभागी ठेवून, कारण शेवटी ती घरी बसून राहते ही खंत त्याला अनेक वर्षं होती. त्या भागात ती एका विहिरीत पडते. पुस्तकाच्या आजच्या आवृत्तीत ३८व्या प्रकरणातही एक विहीर आहे. साथीतून वाचलेला साडेपाच वर्षांचा एक पोर रानफळं तोडता तोडता तिच्यात पडतो, त्याला शोधायला कुणीच उरलेलं नसतं. दीड-दोन परिच्छेदांत त्याची गोष्ट संपते, आणि सबंध पुस्तकात मला सर्वांत जास्त भीती तिथे वाटली.

आज दुकानात नवी प्रत मागितली की १९९०चंच रूप मिळतं. जुनं हवं असेल तर रद्दीवाल्यांकडे आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगात शोधावं लागतं. मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी ओळखता येतं. पहिलं पान उघडा. एक सैनिक मध्यरात्री बायकोला हलवून उठवतोय आणि लेकराला घेऊन निघायची घाई करतोय, असं असेल तर ती वाढवलेली आवृत्ती. टेक्सासमधल्या एका पेट्रोल पंपावर काही माणसं गप्पा मारत बसली आहेत आणि लांबून एक गाडी झोकांड्या खात येतेय, असं थेट सुरू होत असेल तर ती १९७८ची.