युरेनियमचं वय आणि कांद्याची पाटी

लासलगावच्या विकिरण केंद्रातला कांदा खाल्ला की किरणोत्सर्ग पोटात जातो, असा मेसेज अधूनमधून फिरत असतो. 2002 साली सुरू झालेल्या या केंद्रात कोबाल्ट-60 या किरणोत्सर्गी धातूचे गॅमा किरण देऊन कांद्याला कोंब येणं थांबवतात. कांद्यातला अणुगर्भ बदलण्याइतकी ऊर्जा त्या किरणांत नसते, त्यामुळे कांदा बिनघोर खावा. काळजी करायची ती बेवारस किरणोत्सर्गी स्रोतांची. 2010 मध्ये दिल्ली विद्यापीठातलं जुनं उपकरण भंगारात गेलं, मायापुरीत त्यातला कोबाल्ट-60 उघडा पडला आणि एका कामगाराचा जीव गेला.

असा माल सापडला, की तो कुठला आणि किती जुना हे शोधणारी विद्या म्हणजे अणु-न्यायवैद्यक. तिचा पाया रेडिओरसायन, म्हणजे किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचं रसायनशास्त्र. युरेनियमचंच उदाहरण घ्या.

युरेनियम शुद्ध केलं की त्यातलं थोरियम निघून जातं आणि वयाचं घड्याळ शून्यावर येतं. मग त्यातलं युरेनियम-234 हळूहळू थोरियम-230 होऊ लागतं; ते किती जमलं, यावरून वय कळतं. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं युरेनियम-234 बदलायला लागणारा काळ, सुमारे 2 लाख 45 हजार वर्षं! एक ग्रॅम नैसर्गिक युरेनियमात 20 वर्षांनी थोरियम-230 जमतं जेमतेम 3 नॅनोग्रॅम. ते वेगळं काढताना थोडं वाया जाणारच. मग मोजायचं कसं?

ढीगभर लाल कांद्यात मोजून 100 पांढरे कांदे मिसळा आणि एक पाटी भरा. पाटीत 60 लाल, 2 पांढरे निघाले, तर ढिगात लाल साधारण 3000. मधेच चार पाट्या सांडल्या तरी हिशेब चुकत नाही, कारण प्रमाण तेच राहतं. इथे लाल कांदे म्हणजे थोरियम-230, आणि पांढरे म्हणजे नमुन्यात मोजून घातलेलं थोरियम-229, थोरियमचाच वेगळ्या वजनाचा प्रकार. पुढे आयन-विनिमय स्तंभातून (आयन धरून ठेवणारं रेझिन भरलेल्या नळीतून) थोरियम वेगळं करायचं आणि 230 ला 229 चं गुणोत्तर वस्तुमान वर्णपटमापीवर, म्हणजे वजनानुसार अणू वेगळे मोजणाऱ्या यंत्रावर, घ्यायचं. मला ही युक्ती भयंकर आवडते.

 

असं काम करणारे हात पुस्तक वाचून तयार होत नाहीत. अमेरिकेने 2010 साली कायदाच करून अणु-न्यायवैद्यकाकडे वळणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना विद्यावृत्तीची सोय केली. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा 1957 पासून आहे, अणुऊर्जा विभागाचं बीआरएनएस (अणुविज्ञान संशोधन मंडळ) विद्यापीठांना प्रकल्पनिधी देतं. पण प्रकल्प संपतो. अशा कामाला लागणाऱ्या धूळमुक्त प्रयोगशाळेचा खर्च आणि तिथल्या तंत्रज्ञाचा पगार संपत नाही. सरकारी पैसा तिथे सलग हवा.

नाशिकच्या बीएस्सीच्या वर्गाला मात्र तोवर थांबायचं कारण नाही. कोबाल्ट-60 क्षय पावून निकेल-60 होतो, म्हणजे हेही एक घड्याळच. साध्या, किरणोत्सर्ग नसलेल्या कोबाल्ट-निकेलच्या क्षारांवर तशाच प्रकारचं पृथक्करण करता येतं: ऋणायन-विनिमय रेझिनच्या स्तंभातून 9 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं, की निकेल खाली उतरतं आणि कोबाल्टचा निळा पट्टा वर अडकतो. 4 मोलर आम्ल घातलं की तोही सुटतो. ब्युरेट, रेझिन आणि धूर ओढणारं, सुरू असलेलं कपाट (फ्यूम हूड) एवढ्यात भागतं.